दौतीवरची तबकडी

इन्शिराह या नावाचा अर्थ मन मोकळं होणं, छातीवरचं ओझं उतरणं. आईबापांनी हौसेनं नाव ठेवलं आणि पोरगी निघाली जन्माची वैतागलेली. कैरोच्या शुब्रा भागातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात ती लागली तेव्हा तिचे केस काळे होते. आता ते पिकलेत, आणि कुठली बट कुठल्या गिऱ्हाइकानं पिकवली हे ती बोट ठेवून सांगते.

काम म्हटलं तर साधं. खत्तात, म्हणजे बोरूनं सुंदर अक्षर काढणारी माणसं, कागदावर लिहून देतात आणि इन्शिराह ते संगणकात उतरवते. मग कुणीही उठावं, कळफलक बडवावा आणि त्या अक्षरात लग्नपत्रिकेपासून मयताच्या फलकापर्यंत हवं ते छापावं. उतरवायचं म्हणजे फोटो काढायचा नव्हे. अक्षराच्या कडेकडेनं बिंदू बसवायचे, एका बिंदूपासून पुढच्यापर्यंत रेघ कशी वळेल ते ठरवायचं, नुक्ता, म्हणजे अक्षराचा ठिपका, कुठे टेकेल आणि स्वराची खूण कुठे बसेल त्या जागा नेमून द्यायच्या. ही झाली मूळ फाईल. ती हाताशी असली की वाटेल तेव्हा अक्षराचं पोट वाढवा, शेपूट छाटा. सगळं जमलं की तिच्यातून फॉन्ट काढायचा आणि तो लोकांच्या हवाली करायचा.

एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरेल तर शपथ. "मूळ फाईल पाठवा," म्हटलं की कुणी फॉन्ट पाठवतो, कुणी पानाचा फोटो पाठवतो, आणि एका महाभागानं तर दुकानाची पाटी टॅक्सीत घालून आणली होती.

"अहो, फॉन्ट म्हणजे भाजलेली रोटी!" ती फोनवर ओरडायची. "मी कणीक मागतेय, कणीक! रोटी कुस्करून कणीक होते का कधी?"

"पण मॅडम, रोटी चांगली फुगलीय की," पलीकडचा म्हणायचा. मग ती फोन ठेवायची आणि पुदिन्याचा चहा मागवायची.

कार्यालयाचे मालक फिक्रीसाहेब. माणूस वाईट नाही, पण उंटावरचा शहाणा. काही हवं असलं की ते तिला 'बाशमुहंदिसा' म्हणत, म्हणजे थोर इंजिनीअरबाई. एरवी नुसतं 'अहो'. त्यांचा एक कडक नियम होता. फॉन्टच्या चोऱ्या होतात, तेव्हा मूळ फायलींची प्रत कुणीही घरी न्यायची नाही. फॉन्ट तरीही चोरीला जातच होते. उस्ताद बयूमींचं अक्षर बघा ना, 'बयूमी' याच नावाचा फॉन्ट. डाळ-भाताच्या कोशरीच्या दुकानांवर तो, दातांच्या डॉक्टरांच्या पाट्यांवर तो, निवडणुकीच्या कापडी फलकांवरही तोच. अख्ख्या शहरानं तो फुकटात वापरला आणि उस्तादांचं नाव कुणाला ठाऊक नाही.

हे उस्ताद बयूमी म्हणजे इन्शिराहच्या डोक्याला झालेला सगळ्यात जुना ताप. रोद अल-फरजहून कागदांची गुंडाळी काखेत मारून यायचे, तिच्या खुर्चीमागे स्टूल ओढून बसायचे आणि ती बिंदू सरकवत असताना मानेवर श्वास सोडत बोलायचे. बोलायचे कसले, सोलायचे. वाव हे अरबी अक्षर पडद्यावर आलं की सुरूच.

"हा वाव आहे की पोटात कळ आलेला बेडूक? मान कुठाय त्याची?"

"उस्ताद, तुम्ही लिहिलाय तसाच आहे."

"मी लिहिला तेव्हा त्याला मान होती. तुझ्या यंत्रात शिरताना कापली."

तिनं मान द्यावी. मग म्हणायचे, आता उंट झाला. आज एक, उद्या भलतंच, आणि परवा वर तोंड करून, "असं मी बोललोच नव्हतो." शेवटी वैतागून तिनं एक केलं. ती मूळ फाईल ज्या पद्धतीनं ठेवायची त्यात प्रत्येक अक्षराची एक वेगळी छोटी फाईल असते, सगळ्या मिळून एका फोल्डरमध्ये, ज्याच्या नावाशेवटी यूएफओ लागतं. आत साधा मजकूर, कुठला बिंदू कुठे आहे त्याचा. आणि खाली टीप लिहायला जागा. उस्ताद जे बोलतील ते ती त्या त्या अक्षराच्या टिपेत जसंच्या तसं टाइप करू लागली. पुरावा म्हणून. उद्या फिरले तर तोंडावर वाचून दाखवायला.

फॉन्टमध्ये या टिपा उतरत नाहीत. त्या कणकेतच राहतात.

खत्तातांचा कागदही त्यांच्यासारखाच. अंड्यातलं पांढरं आणि खळ चोळून घोटलेला, त्यामुळे शाई आत मुरत नाही, वर बसते. चुकलं की जिभेला बोट लावायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. उस्तादांचं आयुष्य या ओल्या बोटावर गेलेलं. म्हणून त्यांना संगणकाची धास्ती होती.

"एकदा आत गेलं की दगडावरची रेघ," ते म्हणाले. "मग मला रात्री काही सुचलं तर?"

"उस्ताद," इन्शिराह म्हणाली, कारण तिला एकदाचं ते काम संपवायचं होतं, "यात शाई सुकतच नाही. दहा वर्षांनी येऊन म्हणालात 'हे पूस', तरी पुसून देईन. माझा शब्द."

म्हाताऱ्यानं शब्द असा काही घट्ट धरला की पुढच्या वेळी आला तो हात हलवत. सगळे कागद त्यानं घरी धुऊन टाकले होते. सराव झाला की कागद धुऊन पुन्हा वापरायचा ही त्यांची रीतच. पण हा सराव नव्हता, मूळ लेखन होतं!

इन्शिराहनं कपाळावर हात मारून घेतला. "धुतले? अहो, कुणी आपल्या हातानं आपलं लेखन धुतं का?"

"तूच म्हणालीस ना, तिथे शाई ओली आहे म्हणून? मग दोन-दोन ठिकाणी ओली कशाला?"

तिनं नियम मोडून त्या फोल्डरची एक सीडी गुपचूप भरली आणि उस्तादांना दिली. "ही तुमची अक्षरं. जपून ठेवा." उस्तादांच्या घरी संगणक नव्हता. त्यांनी सीडी उलटीसुलटी करून पाहिली, चेहरा दिसतो म्हणाले आणि खिशात घातली.

मग फॉन्ट निघाला. तो होता वर्तमानपत्राच्या मथळ्यांसाठी. मथळ्यांना स्वरांच्या खुणा लागत नाहीत, मोठी माणसं खुणांवाचून वाचतात. उस्तादांनी त्या खुणासुद्धा लिहून दिल्या होत्या आणि इन्शिराहनं त्या मूळ फाईलमध्ये बसवल्याही होत्या. पण फॉन्टमध्ये घातल्या नाहीत. पुढे लागतील तेव्हा काढू, असं ठरलं. ते पुढे काही आलंच नाही, आणि वर्षं निघून गेली.

गेल्या हिवाळ्यात उस्तादांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. ज्या माणसाच्या तोंडाला अख्खं शुब्रा टरकून असायचं तो नुसता बघत बसू लागला. इन्शिराह भेटून आली आणि दोन दिवस कुणावर ओरडली नाही, तेव्हा फिक्रीसाहेब घाबरले.

आणि नेमकं आता ते 'पुढे' आलं. एका प्रकाशकाला मुलांचं पहिलं वाचनाचं पुस्तक काढायचं होतं, उस्ताद बयूमींच्या अक्षरात, पहिल्या पानावर त्यांचं नाव घालून. मुलांचं पुस्तक म्हणजे प्रत्येक अक्षरावर स्वराची खूण हवीच. फिक्रीसाहेबांनी छाती फुगवून सांगितलं, "आठवड्यात देतो," आणि इन्शिराहकडे वळले. "बाशमुहंदिसा, खुणा तर तयारच आहेत ना?"

"तयार आहेत. मूळ फाईल उघडायची नि फॉन्ट काढायचा," ती म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. जिवंतपणी माणसाचं नाव पुस्तकावर येतंय, आणि तेही लहान पोरांच्या. तिनं फोल्डर शोधलं. नव्हतं. दुसरीकडे शोधलं. तिथेही नव्हतं.

"फिक्रीसाहेब, बयूमीचं फोल्डर कुठाय?"

"फॉन्ट आहे की तिथे. मी स्वतः जपून ठेवलाय."

"फॉन्ट नाही. फोल्डर! शेवटी यूएफओ लिहिलेलं."

फिक्रीसाहेबांचा चेहरा उजळला. "अच्छा, ते! तुम्ही आईच्या आजारपणात तांताला गेला होतात ना, तेव्हा मी सगळी साफसफाई केली. जुना संगणक भंगारवाल्याला दिला आणि नव्यात फक्त कामाचं घेतलं. ते फोल्डर उघडलं तर आत चिल्लर फायलींचा उकिरडा! शेकड्यांनी. एकीत काही दिसेल तर शपथ, नुसते आकडे. आणि नाव काय, तर यूएफओ, उडती तबकडी! मी म्हटलं, हा व्हायरस तरी असणार, नाहीतर कुणाची टवाळी."

"तुम्ही ते पुसलंत?"

"मुळापासून," ते अभिमानानं म्हणाले.

इन्शिराह खाली बसली. प्रत घरी न्यायची नाही हा नियम यांचा. संगणक भंगारात घातला यांनी. आणि व्हायरस म्हणे! शेवटी ती एवढंच म्हणाली, "एक अक्षर, एक फाईल. म्हणून शेकड्यांनी होत्या. तुम्ही त्या माणसाचा हात पुसलात."

फिक्रीसाहेब चपापले, पण हार मानतील तर ते फिक्री कसले? फॉन्ट परत उघडून देणारा प्रोग्रॅम असतो म्हणाले. असतो. तिनं उघडूनही दाखवला. अक्षरं होती, पण साधा सहज वळसा आता पन्नास ठिकाणी मोडून आलेला. नुक्ते अक्षरांना जन्माचे चिकटलेले. स्वरखुणा मुळात आत गेल्याच नव्हत्या, त्या येणार कुठून?

"मग दुसऱ्या कुठल्या फॉन्टच्या लावा," फिक्रीसाहेब म्हणाले. "प्रकाशकाची काही ना नाही. सात वर्षांची पोरं, कोण बघतंय?"

"उस्ताद बघतील."

"अहो, त्यांना आता..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"डोळे शाबूत आहेत त्यांचे," इन्शिराह म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. तिला तो शब्द आठवत होता. शाई सुकतच नाही. त्या शब्दावर म्हाताऱ्यानं आपले कागद धुतले होते, आणि आता त्याच्या नावाखाली भलत्याच हाताच्या खुणा छापून जाणार होत्या. त्याला ते दिसणार होतं आणि 'हे माझं नाही' एवढंही म्हणता येणार नव्हतं.

तिची शेवटची आशा ती सीडी होती.

रोद अल-फरजला उस्तादांच्या बायकोनं, हाज्जा तफीदानं दार उघडलं. बाईचा आवाज एखाद्या भाजीवाल्यासारखा, आणि नवरा गप्प झाल्यापासून ती दोघांच्या वाटचं बोलू लागली होती.

"सीडी? ती काय असते गं? चमकणारी गोल? नाही बाई. असती तर दिसली नसती काय? माझ्या घरात सुई हरवत नाही. हरवते ती फक्त यांची टोपी."

तरी त्यांनी सगळी कपाटं उपसली. दिवाणाखालच्या पेट्या काढल्या. लग्नाच्या चादरी निघाल्या, रेडिओ निघाला, एक रमजानचा कंदील निघाला. सीडी नाही. उस्ताद खिडकीशी खुर्चीत बसून हा गोंधळ बघत होते. इन्शिराह त्यांच्यासमोर जाऊन बसली. आता सांगणं भाग होतं.

"उस्ताद, मी तुम्हाला शब्द दिला होता..." ती म्हणाली. नजर चुकवायला तिनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीत त्यांची दौत होती, पितळी. दौतीवर एक काळं, गोल झाकण. झाकणाला मधोमध भोक, आणि भोकातून बोरू उभा.

"हाज्जा," ती हळूच म्हणाली, "हे झाकण कसलं?"

"ते होय? शाई सुकू नये म्हणून. किती वर्षं झाली, यांनीच कुठूनतरी आणलं. भोक बघ कसं बेताचं आहे, बोरू अगदी बसतो. आता लिहीत नाहीत, पण शाई सुकली की डोळे वटारतात. मग मी रोज दोन थेंब गुलाबपाणी घालते."

इन्शिराहनं बोरू काढला, झाकण उचललं आणि कडेनं नखानं खरवडलं. काळ्याखालून चमक निघाली.

"उस्ताद!" ती एवढ्यांदा ओरडली की खालच्या गल्लीतून कुणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं. "जपून ठेवा म्हटलं होतं मी! जपून! हे जपणं झालं?"

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं, मग उघड्या दौतीकडे, आणि डोळे वटारले.

"बशी ठेव तिच्यावर, बशी," तफीदा म्हणाली. "सुकेल."

इन्शिराहनं सीडी मोरीत नेली आणि साध्या पाण्यानं धुतली. काजळीची शाई. सगळी वाहून गेली, त्यांच्या कागदावरून जायची तशीच. खाली बोरूचे ओरखडे होते, भोकाभोवती जास्त. तिनं ओढणीनं पुसून ती पोटाशी धरली आणि मायक्रोबसमध्ये कुणाचा धक्का लागू दिला नाही.

आता सीडी वाचणारं यंत्र आहे कुणाकडे? फिक्रीसाहेब खजील होऊन बसलेलेच होते. ते उठले आणि लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या मेव्हण्याच्या दुकानातून जुनी पेटी स्वतः जिना चढून घेऊन आले. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. मग एकेक फाईल येऊ लागली. अलिफ आला. बे आला. एक फाईल अडली, यंत्र कण्हलं, ती सोडून पुढची आली.

"काही येत नाहीत," फिक्रीसाहेब म्हणाले.

"न येवोत. बाकीच्या येतायत ना? सगळा फॉन्ट एकाच फाईलमध्ये असता तर एका ओरखड्यानं सगळाच गेला असता. तुमचा उकिरडा म्हणून वाचला." बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज नेहमीसारखा चिडका लागला, आणि फिक्रीसाहेबांनाही बरं वाटलं.

स्वरखुणा आल्या, सगळ्याच्या सगळ्या. जी चार-दोन अक्षरं गेली ती तिनं फॉन्टवरून पुन्हा काढली, रोटी समोर ठेवून कणीक मळावी तशी, शिव्या देत. पण अक्षरांहून आधी तिनं टिपा उघडल्या होत्या, आणि टेबलाशी बसून एकटीच हसत, मग डोळे पुसत वाचल्या होत्या.

नमुन्याचं पान तयार झालं तशी ती लॅपटॉप घेऊन रोद अल-फरजला गेली. तफीदा उस्तादांना मुलूखियाचं सूप भरवत होती. अर्धं तोंडात जात होतं, अर्धं रुमालावर.

"आधी हे ऐका," इन्शिराह म्हणाली आणि टिपा वाचू लागली. "वाव. 'हा वाव आहे की पोटात कळ आलेला बेडूक?' काफ. 'झोपलाय. उठव त्याला, दुपार झाली.' हे नावाचं अक्षर. 'दोन डोळे दिले, दोन्ही आंधळे.'"

तफीदाच्या हातातला चमचा थांबला. "या अल्ला, हे तर हेच बोलतायत!" ती म्हणाली आणि हसता हसता रडू लागली. वर्षभर त्या घरात उस्तादांचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. उस्तादांचं अर्धं तोंड हललं. उरलेलं अर्धं हलत नव्हतं, पण डोळे पूर्ण हसत होते.

"नून," इन्शिराह पुढे वाटीच्या आकाराच्या अक्षरावर आली. "'वाटी उथळ. यात मुलूखिया वाढलीस तर सगळी मांडीवर सांडेल.' त्याखाली पुन्हा, 'अजून सांडतेय.' त्याखाली, 'बरं. आता हात लावू नकोस.'" ती थांबली. "उस्ताद, सगळ्या फोल्डरमध्ये तुम्ही एकदाच बरं म्हणालात. एकदाच! हे नून मी जपलंय."

मग तिनं पान उघडून लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. पुस्तकाचं पहिलं पान, स्वरखुणांसकट, खाली त्यांचं नाव. उस्तादांनी बराच वेळ पाहिलं. डावा हात हळूहळू वर आला. बोट जिभेला लागलं. आणि ते ओलं बोट त्यांनी पडद्यावर टेकवून घासलं, नूनच्या वाटीवर.

"काय करतायत?" तफीदा म्हणाली. "थांब, फडकं आणते."

"राहू दे, हाज्जा." इन्शिराहला कळलं होतं. "उस्ताद, नून? नून! अहो, तुम्हीच म्हणालात हात लावू नकोस! त्याची वाटी बदलली तर तशीच वाटी असलेल्या सीनची बघावी लागेल, सादची बघावी लागेल..."

उस्तादांनी पुन्हा बोट ओलं केलं आणि पुन्हा घासलं, या वेळी जास्त जोरात.

"अजून सांडतेय म्हणतायत," तफीदा म्हणाली.

इन्शिराहनं एक मोठा, वैतागलेला सुस्कारा सोडला. लॅपटॉप घेऊन ती त्यांच्या खुर्चीला पाठ टेकून बसली, नूनची फाईल उघडली आणि वाटीच्या तळचा बिंदू खाली सरकवला. तिच्या खांद्यावरून उस्तादांचं बोट हललं. अजून. तिनं अजून सरकवला. बोट पुन्हा हललं. मान वळवायची तिला गरज नव्हती. मानेवर त्यांचा श्वास लागत होता.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. फिक्रीसाहेब होते. "बाशमुहंदिसा, प्रकाशकाचा माणूस येऊन बसलाय. छपाईला देऊन टाकू ना?"

"थांबवा त्याला," इन्शिराह म्हणाली. "उस्तादांचं अजून झालेलं नाही."